एकट्याचा शब्द

पहाटे साडेपाचला मिनीबसच्या पायरीवर पाय ठेवला, तर ताईच्या नवऱ्याने माझं स्वागत केलं ते असं: "हा पिवळा शर्ट घालून किनाऱ्यावर येणार असशील, तर पक्ष्यांना आधी फोन करून कळवून टाक. बिचारे तयारीत राहतील."

बसमधले नऊच्या नऊ जण हसले. भाऊजींच्या विनोदाला हसायचं हा त्या पक्षीमंडळाचा अलिखित नियम असावा, कारण विनोद काही हसण्यासारखा नव्हता. मी म्हटलं, "तुम्हाला बघून जे पळत नाहीत, ते मला बघून कशाला पळतील?" यावर कोणी हसलं नाही. मी सगळ्यात मागच्या, चाकावरच्या सीटवर जाऊन बसले.

आमचं हे छत्तीस वर्षं चाललंय. ताईचं लग्न झालं तेव्हा मी अठराची होते, आणि लग्नाच्या आठवड्याभरातच या गृहस्थांनी जाहीर केलं की घरातल्या धाकटीला गप्प बसायला कोणी शिकवलेलं नाही. पुढे मी चष्म्याच्या दुकानात लागले. त्या दिवसापासून मी त्यांची 'काचवाली' झाले. मी लग्न केलं नाही, तर म्हणाले, काचेतून निरखून निरखून बाईला कोणी पसंतच पडला नसेल. मीही काही कमी केलं नाही. त्यांच्या पाणीपुरवठा खात्यातल्या नोकरीवर, त्यांच्या टकलावर, पहाटे उठून झाडाकडे तोंड वासून उभं राहण्याच्या त्यांच्या छंदावर मी तोंडसुख घेतलं. मधल्यामध्ये ताई. आम्ही दोघं जेवायला एका टेबलाशी बसलो की तिचा घास घशाखाली उतरायचा नाही.

मग मी आले कशाला? ताईने सांगितलं म्हणून. ती दरवेळी त्यांच्याबरोबर जायची. आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तीन महिने चालणं बंद. म्हणाली, "दोनच दिवसांची सहल आहे, एक दिवस समुद्र, एक दिवस रान. तू जा ना माझ्या जागी. त्यांच्या जवळजवळ राहा, आणि काय दिसेल ते मोठ्याने बोलत जा. नाहीतरी तुला बोलायला आवडतं." ताईने जन्मात माझ्याकडे काही मागितलेलं नाही. मला वाटलं, बहिणीला हवापालट व्हावी अशी तिची इच्छा असेल. आमच्या दुकानाच्या पुरवठादाराकडून मी एक स्वस्तातली दुर्बीण घेतली आणि नवशिकी म्हणून यादीत माझं नाव लागलं.

साडेआठला आम्ही खाडीच्या तोंडाशी उतरलो. ओहोटी लागली होती. लांबपर्यंत नुसता चिखल, त्यात पाण्याच्या रेघा, आणि चिखलावर ठिपके. ठिपके म्हणजे पक्षी, असं मला सांगण्यात आलं. बोट दाखवायचं नाही, पळायचं नाही, शिंकायचं असेल तर बसमध्ये जाऊन शिंकायचं. दिशा सांगायची तर घड्याळावर: समोर बारा, उजवीकडे तीन. नवशिक्यांनी शक्यतो काहीच सांगायचं नाही.

पण मला ताईची आज्ञा होती. डावीकडच्या झुडपात पांढरं काहीतरी हललं. मी मोठ्याने म्हणाले, "बगळा! दहाच्या दिशेला, झुडपात!"

नऊ दुर्बिणी वळल्या. ती प्लास्टिकची पिशवी होती.

आधी कोणीतरी 'पिशवी!' म्हणालं आणि मंडळी हसली. मग भाऊजी म्हणाले, "हळू बोला रे, पिशवी उडून जाईल." पुन्हा हशा. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तेव्हा मला एवढंच कळलं की हा माणूस छत्तीस वर्षांत तसूभरही बदललेला नाही. भाऊजींनी त्या झुडपाकडे दुर्बीण वळवलीच नव्हती, लोक हसेपर्यंत ते थांबले होते, हे मला मागाहून आठवलं.

मंडळाची एक मोठी दुर्बीण होती, तीन पायांच्या स्टँडवर. तिच्यातून सगळे आळीपाळीने बघत. माझ्या पुढे दातांची डॉक्टरीण होती. तिच्या चष्म्याचा नंबर मी लांबूनच ओळखला होता, उणे नऊच्या खाली नाही. तिने चष्मा काढला, दुर्बिणीचं चाक बराच वेळ फिरवलं, आपल्या डोळ्याला जमवलं आणि बघितलं. ती बाजूला झाली तसे भाऊजी मध्ये घुसले. वाकले, चांगलं मिनिटभर बघत राहिले, आणि म्हणाले, "वा! काय ऐटीत उभा आहे."

त्यांनी चाकाला हातसुद्धा लावला नव्हता.

ते उठल्यावर मी डोळा लावला. आत नुसतं राखाडी धुकं. दिसणारच नाही. उणे नऊवाल्या डोळ्यासाठी लावलेल्या दुर्बिणीतून दुसऱ्या कोणाला काही दिसणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा घालून पेपर वाचणं. मी चाक फिरवलं, तर एक लांब पायांचा पक्षी स्वच्छ समोर आला, खरंच ऐटीत. पण तो भाऊजींना दिसणं शक्य नव्हतं. दुर्बीण चिखलाच्या कोणत्या भागाकडे लावली होती आणि तिथे साधारण कोण उभं राहतं, ते त्यांना माहीत होतं, एवढंच.

त्यानंतर मी पक्षी बघायचे सोडून दिले आणि भाऊजींना बघायला लागले. छत्तीस वर्षांत मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं, भांडताना कोण बघतं? ते डॉक्टरीणबाईंशी बोलले तेव्हा त्यांची नजर तिच्या कानाकडे होती. मंडळाच्या सेक्रेटरीने डबा पुढे केला तर त्यांनी मान किंचित तिरकी केली आणि मग हात घातला. दगडांवर पाय आधी चाचपून टाकला. आणि पक्ष्याचं नाव ते सांगत ते पक्षी ओरडल्यावर. ओरडल्याबरोबर, बिनचूक, इतरांची दुर्बीण वर जायच्या आत. लोक माना डोलवत. जो पक्षी ओरडत नव्हता त्याचं भाऊजी नावच काढत नव्हते.

अशी माणसं माझ्या अंधाऱ्या खोलीत येतात. तक्त्यासमोर बसतात आणि अक्षराच्या बाजूला बघतात, कारण अक्षराकडे सरळ बघितलं की अक्षर नाहीसं होतं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलेला असतो. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. त्यांना मी चष्मा देत नाही. माझ्याकडच्या कुठल्याही काचेचा उपयोग नसतो. मी त्यांना त्याच दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलात पाठवते.

मला वाईट वाटलं असं म्हणाले तर खोटं होईल. पहिल्यांदा मला गंमत वाटली. हे माझ्या पिशवीवर हसले होते!

संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात 'वाचन' झालं. लांब टेबलावर मेणकापड, चहाचे कप, आणि मध्ये मंडळाची जाडजूड वही घेऊन सेक्रेटरी. हा बँकेतून निवृत्त झालेला कोरडा माणूस होता. कॅमेऱ्याची लेन्स बादलीएवढी, बोलणं मोजकं, आणि भाऊजींशी तर त्याहून मोजकं. मला वाटलं, चला, यांचंही पटत नाही तर.

वाचनाची पद्धत अशी. सेक्रेटरी एकेका पक्ष्याचं नाव घेतो. ज्यांनी पाहिला ते "हो" म्हणतात. दोन "हो" आले की पक्षी वहीत चढतो. नवशिक्याने सांगितलेल्या पक्ष्याला दोन जुन्या माणसांचे "हो" लागतात. हजर असलेला कोणीही "हरकत" म्हणू शकतो, मग तो पक्षी बाद. आणि मंडळात एकच माणूस असा होता की ज्याच्या एका "हो"वर पक्षी चढत असे, दुसरा साक्षीदार लागत नसे. त्याला ते 'एकट्याचा शब्द' म्हणत. तीस वर्षांच्या पायपिटीने भाऊजींनी तो मिळवला होता, आणि तो मिळाल्यापासून त्याला कोणी हरकत घेतली नव्हती. हे सगळं मला डॉक्टरीणबाईंनी असं सांगितलं, जणू भाऊजींना पाणी चालत ओलांडता येतं.

माझाही एक पक्षी होता. दुपारी वाळूवर मी लहान लहान पक्षी पाहिले होते. गळ्याखाली काळी पट्टी, तुरुतुरु धावायचे आणि एकदम ब्रेक लावल्यासारखे थांबायचे. डॉक्टरीणबाई शेजारीच होत्या. त्यांनीच मला नाव सांगितलं होतं, चिखल्या. सेक्रेटरीने "आणखी काही?" विचारलं तसा मी हात वर केला आणि सांगितलं.

"हरकत," भाऊजी म्हणाले. "काचवालीने सकाळी पिशवीलाही बगळा म्हटलं होतं. त्या वाळूवर मी दोन तास होतो. तिथे चिखल्या नव्हता."

मी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्या कपातल्या चहात काहीतरी शोधत होत्या.

"तुम्ही बघितलेत ना माझ्याबरोबर?" मी विचारलं.

"मला... नीट नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या.

"दुसऱ्यांचे नंबर काढण्याआधी स्वतःचा काढून घे," भाऊजी म्हणाले, माझ्या डाव्या कानाकडे बघत. टेबल हसलं. चिखल्या बाद झाला.

मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि ताईला फोन लावला. नमस्कार-चमत्कार न करता म्हटलं, "तू मला सहलीला नाही पाठवलंस. काठी म्हणून पाठवलंस."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग ताई म्हणाली, "कळलं का तुला?"

"माझा धंदाच आहे तो."

"दोन वर्षं झाली गं. चहा कपाबाहेर ओतायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांना वाटतं, मला काही ठाऊक नाही. मी बरोबर असले की बडबड करते, अय्या, केवढी वाकडी चोच, पाय बघा किती लाल. मग ते नाव सांगतात. लोक चेष्टा करतात माझी, वहिनींची कॉमेंटरी म्हणून. करू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"डॉक्टरला दाखवलं?"

"विषय काढला की ताटावरून उठतात."

"ताई, माझ्याकडे येतात अशी माणसं. त्यातल्या काहींना डोळ्यात इंजेक्शनं देऊन उरलेलं वाचवता येतं. गेलेलं येत नाही, पण उरलेलं राहतं. महिन्या-महिन्याने जातं ते. मला घरात कोणी सांगितलं असतं तर दोन वर्षांपूर्वीच..."

"तुला सांगणार होते? तुला? त्याच दिवशी तू त्यांच्या तोंडावर म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. आणि आज त्यांना दिसत असतं."

ताई रडायला लागली. मी फोन बंद केला. बहिणीला रडतं सोडून फोन ठेवायची माझी पहिलीच वेळ. आता मात्र गंमत वाटेनाशी झाली होती. संताप आला होता, आणि तो नेमका कोणावर काढावा हे ठरत नव्हतं.

रविवारी आम्ही रानाकडे वळलो. नांगरून ठेवलेली शेतं, मध्ये गवताळ माळ, कडेला आटत चाललेलं तळं आणि त्याचा बांध. सकाळपासून वारा सुटला होता. वाऱ्यात पक्षी ओरडत नाहीत, किंवा ओरडले तरी ऐकू येत नाहीत. तास झाला, दीड तास झाला, भाऊजींनी एकही नाव सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर होते आणि एक अक्षर बोलत नव्हते. ताई असती तर बोलली असती. मी मुद्दाम गप्प होते. बघू, म्हटलं, माझ्याशिवाय काय करतात.

मंडळी त्यांच्या 'सरां'कडे, म्हणजे भाऊजींकडे, बघायला लागली. ते भाऊजींनाही जाणवलं असणार. त्यांनी मोठी दुर्बीण बांधाकडे वळवली, वाकले, आणि त्यांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

"काळा करकोचा," ते म्हणाले. "एकच्या दिशेला, बांधाच्या टोकाला. एकटाच आहे. कोणी हलू नका."

तो पक्षी त्या भागात अकरा वर्षांत दिसला नव्हता, हे मला कुजबुजीतून कळलं. मी माझी स्वस्तातली दुर्बीण लावली. बांधाच्या टोकाला एक खांब होता. शेतकऱ्याने त्याला रबराचा काळा तुकडा टांगला होता, जनावरं बुजवायला असेल. वाऱ्याने तो हलत होता. मोठ्या दुर्बिणीशी रांग लागली. एकेक जण वाकला, एकेक जण उठला. "अप्रतिम, सर." "भाग्यच म्हणायचं." "चोच काय लालभडक आहे!" ही शेवटची डॉक्टरीण.

मला वाटलं मीच वेडी झाले. पुन्हा दुर्बीण लावली. रबर.

माझ्या पुढे सेक्रेटरीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा केला होता. त्याच्या खांद्यावरून मला स्पष्ट दिसलं, खांब, तार, रबर, रबराला पडलेलं भोकसुद्धा. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि पडदा बंद केला. मी मनात म्हटलं, हा गडी डाव राखून आहे. वाचनाला चारचौघांत पत्ता टाकणार. छत्तीस वर्षांचं उट्टं माझ्या वतीने हा परका माणूस काढणार होता, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं.

मग नाही वाटलं. मी भाऊजींना बसच्या मागे गाठलं.

"माझ्याकडे बघा," मी म्हटलं. "सरळ. नाक दिसतं माझं?"

"तुझं नाक बघण्यासारखं कधी होतं?"

"बसची ही खिडकी. खालची कड वाकलेली दिसते ना? मध्येच पाण्यात हलल्यासारखी?"

त्यांनी मान तिरकी केली आणि पुन्हा सरळ केली. वाऱ्याने त्यांच्या टोपीची कड फडफडत होती.

मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या ताईला यातलं काही कळलं तर याद राख."

"उद्या नऊला माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला. मी काही डॉक्टर नाही, पण एवढं सांगते की याच्यात दर महिन्याला थोडं थोडं जातं. इंजेक्शनं दिली तर उरलेलं थांबवता येईल, कदाचित. आणि आज तो करकोचा मागे घ्या. तो करकोचा नाही."

"मागे घेऊ? आणि मग? या लोकांत मी कोण? काठी टेकत येणारा एक म्हातारा, ज्याला दया म्हणून खिडकीची सीट द्यायची?" त्यांचा आवाज चिरकला. "माझ्याकडे एवढंच आहे. डोळे गेले तर गेले."

"मग मी वाचनात सांगेन."

"तोंड उघडलंस तर आपलं नातं संपलं."

"होतं कधी?" मी म्हटलं आणि बसमध्ये जाऊन बसले. दुर्बिणीचा पट्टा उगाच गुंडाळत आणि सोडत राहिले. दुकानात मी हे दर दोन-चार महिन्यांनी कोणाला तरी सांगते आणि लगेच पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारते.

रविवारचं वाचन हमरस्त्यावरच्या एका कॅन्टीनमध्ये होतं, दुपारी दोनला, परतीच्या आधी. दोन टेबलं जोडून आम्ही बसलो. सेक्रेटरीने वही उघडली. चंडोल, हो, हो. घार, हो, हो. टिटवी, हो.

"काळा करकोचा," सेक्रेटरीने वाचलं.

"हो," भाऊजी म्हणाले. खणखणीत. आणि माझ्या कानाकडे बघितलं, म्हणजे माझ्या डोळ्यांत.

सेक्रेटरीने पेन टेकवलं. मी वाट बघितली. आता काढेल फोटो. त्याने लिहायला सुरुवात केली.

"हरकत," मी म्हणाले.

सुरी प्लेटवर ठेवल्याचा आवाज झाला. कोणीतरी म्हणालं, "नवशिक्यांनी सरांना..."

"तो करकोचा नव्हता. खांबाला टांगलेलं काळं रबर होतं. सेक्रेटरीसाहेबांकडे फोटो आहे. भाऊजींना ते कळलं नाही, कारण त्यांना समोरचं दिसत नाही. डोळ्यांचा मधला भाग गेलाय. दोन वर्षं झाली. थट्टा करत नाहीये मी. फोटो काढा."

"फोटो नाही," सेक्रेटरी म्हणाला. "मी तो तिथेच पुसून टाकला."

"पुसला? का?"

"तुम्ही बघितलात म्हणून." त्याने पेन खाली ठेवलं. त्याच्या कोरड्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "बाई, आम्हाला ठाऊक आहे."

"आम्हाला म्हणजे?" हे भाऊजींनी विचारलं.

 भाऊजींनी मान तिरकी करून टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. नऊ माणसं होती. एकानेही "मला नव्हतं ठाऊक" असं म्हटलं नाही.

"सर, तुमच्याबद्दल आम्हाला इतका आदर आहे..." डॉक्टरीणबाईंनी सुरुवात केली.

"आदर?" मी उभी राहिले. मला आता थांबवणं कोणाच्या हातात नव्हतं, माझ्याही नाही. "आदर कसला, भीड आहे ती. भीड भिकेची बहीण. दर रविवारी या माणसाला 'हो' ची भीक घालत आलात. बाई, तुम्ही आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून कीड शोधता. दात किडला तर गप्प बसता का? मैलभर लांबच्या पक्ष्याची शेपटी मोजता तुम्ही लोक, आणि शेजारी बसलेल्या माणसाचे डोळे दोन वर्षं जाताना बघत बसलात! एकाने, एकाने जरी तेव्हा हरकत घेतली असती, तर त्यांना आज तो रबराचा तुकडा दिसला असता. मला हा माणूस आवडत नाही. छत्तीस वर्षांत एक दिवस आवडलेला नाही. पण तुमच्यापेक्षा माझं बरं."

डॉक्टरीणबाई रडायला लागल्या. मी त्यांची समजूत काढली नाही. कॅन्टीनवाला बिल घेऊन आला होता तो तसाच परत फिरला.

भाऊजी खाली बघत होते, किंवा कुठेच बघत नव्हते. मला वाटलं, आता ते माझ्यावर तुटून पडतील. मी तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं, काहीतरी झणझणीत, काचवालीवरून, माझ्या जिभेवरून. त्यांनी हळूच विचारलं, "वहिनींची कॉमेंटरी... तीही त्यातलीच?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.  मग म्हणाले, "उद्या किती वाजता?"

"नऊ. मी साडेआठला घरी येते."

"ये." मग ते सेक्रेटरीकडे वळले. "वही मागे घ्या. दोन वर्षांतले माझे एकट्याचे काढा. वाचा."

"सर, राहू द्या ना. काय फरक पडतो?"

"वाचा."

सेक्रेटरीने पानं उलटली. त्याचा आवाज बँकेतल्यासारखा सपाट होता. "नदीकाठचा शिक्रा."

"खोडा."

पेनाचा आवाज आला.

"खाडीवरचा मोठा गरुड."

"खोडा."

"काळ्या डोक्याचा खंड्या. पुलाखाली."

"खोडा."

असे एकोणीस होते. ते एकेकाला "खोडा" म्हणत गेले, न चिडता, न थांबता. पिशवीवरून मला हसणारा माणूस तो हाच का, हे मला ओळखू येईना. मला म्हणायचं होतं की पुरे करा. पण मीच सुरू केलं होतं ते.

"रातवा," सेक्रेटरीने वाचलं. "गेल्या वर्षी. टेकडीमागचं रान."

भाऊजी थांबले. दोन्ही हात टेबलावर पसरले.

"हा खरा आहे," ते म्हणाले. "हा मी ऐकला होता. कान शाबूत आहेत माझे. चार वेळा ओरडला, मग वाऱ्याबरोबर पलीकडे गेला. हा राहू द्या."

त्यांनी वाट बघितली. दोन वर्षं ज्यांच्या जिभेवर "हो" तयार असायचा, त्या नऊ जणांपैकी कोणाची जीभ उचलेना. आता त्यांच्या "हो"ला कोण विचारणार होतं? पंखा गरगरत होता. भाऊजींची मान अजून तिरकीच होती, कानोसा घेतल्यासारखी.

मग डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि घाईघाईने म्हणाल्या, "हो, सर. मीही ऐकला होता. चार वेळा."

भाऊजींनी आवाजाच्या दिशेने चेहरा वळवला.

"तुम्ही त्या सहलीला नव्हतात," ते म्हणाले. "खोडा."

सेक्रेटरीने पेन उचललं आणि रातव्यावर रेघ मारली.